सोरायसिससाठी घरगुती मलम: मेण, मुठेल आणि खोबरेल

सोरायसिसच्या कोरड्या, खवले धरलेल्या त्वचेसाठी घरी मलम करणं अवघड नाही. त्यात आणखी काहीतरी घालायचा मोह आवरणं मात्र अवघड आहे. कडुनिंब घालूया, हळद घालूया, कोरफड तर अंगणातच आहे, वासासाठी लव्हेंडरचे दोन थेंब टाकूया, असं करत यादी लांबत जाते आणि शेवटी नेमकं कशानं आग झाली हे कळायला मार्ग उरत नाही. या मलमात जितक्या कमी वस्तू, तितकं ते कामाचं, असं माझं सरळ मत आहे. खालच्या कृतीत चारच आहेत.

आधी मलमाकडून काय अपेक्षा ठेवायची ते बोलू. सोरायसिस हा रोगप्रतिकारशक्तीच्या बिघाडातून होणारा आजार आहे. एरवी त्वचेच्या पेशी तळातून वर येऊन गळून पडायला साधारण महिनाभर घेतात. सोरायसिसच्या चट्ट्यात हेच काम तीन ते पाच दिवसांत उरकतं. अर्धवट तयार झालेल्या पेशींचे थर साचतात, पांढरट खवले दिसतात ते हेच. हे आतलं चक्र कुठलंही घरगुती मलम थांबवू शकत नाही. मलमाचं काम वरचं आहे: त्वचेतलं पाणी उडून जाऊ न देणं, खवला मऊ करणं, ताण कमी करून भेगा पडू न देणं आणि खाज थोडी शमवणं. काम एवढंच, पण ज्याच्या तळपायाला भेगा आहेत त्याला विचारा ते केवढं मोठं आहे. आणि हा आजार संसर्गजन्य नाही. म्हणून घरातल्या कुणीही पाठीला मलम लावून द्यायला बिचकायचं कारण नाही.

मलम करायला घेण्याआधी निदान मात्र त्वचारोगतज्ज्ञाकडून झालेलं हवं. गजकर्ण म्हणजे बुरशीचा संसर्ग, आणि तो दिसायला कधीकधी सोरायसिससारखाच असतो. त्यावर तेलकट मलम चोपडून झाकून ठेवलं तर बुरशीचं फावतं.

नैसर्गिक म्हणजे सौम्य असं नाही

इथे थोडं विषयांतर करते, कारण गोष्ट आपल्याच किनाऱ्याची आहे. ब्राझीलमधल्या बाहिया भागात अरारोबा नावाचं झाड होतं. त्याच्या खोडातल्या पोकळ्यांमध्ये पिवळसर भुकटी साचते. पोर्तुगीजांच्या गलबतांतून ती गोव्यात आली, नायट्यावरचं औषध म्हणून इकडे नावारूपाला आली आणि इंग्रजांनी तिला नावच दिलं, गोवा पावडर. १८७० च्या दशकात लंडनच्या बाल्मॅनो स्क्वायर या डॉक्टरांनी ती सोरायसिसवर वापरली आणि चट्टे खरोखर कमी झाले. पण आजूबाजूची चांगली त्वचा लाल होऊन भाजल्यासारखी व्हायची, आणि कपड्यांवर पडलेले डाग धुऊन जायचे नाहीत. पुढे १९१६ मध्ये जर्मनीत त्यातल्या द्रव्याला पर्याय म्हणून डिथ्रॅनॉल तयार झालं. ते आजही डॉक्टरांच्या सांगण्यावरून वापरलं जातं, आणि आजही जपूनच.

ती भुकटी शंभर टक्के नैसर्गिक होती. तेव्हा ‘झाडापासून काढलंय, अपाय काय होणार’ हे वाक्य मनातून काढून टाका. कापूर, मेंथॉल, ओवाफूल, लिंबाचा रस, दालचिनी, निलगिरी यांचे अर्क नाजूक त्वचेला चावतात. सोरायसिसमध्ये त्याचा फटका दुहेरी असतो. त्वचेला इजा झाली, मग ती ओरखडा असो, भाजणं असो वा घासणं, की बऱ्याच जणांना नेमका त्याच जागी नवा चट्टा उठतो. याला कोब्नर परिणाम म्हणतात. म्हणजे चुकीचं मलम नुसतं वाया जात नाही, ते आजाराला नवी जागा दाखवून येतं.

सामान

शंभर ग्रॅम मलमासाठी घ्या: घाण्याचं खोबरेल ५० ग्रॅम, मुठेल २० ग्रॅम, एरंडेल १८ ग्रॅम आणि मधमाशीचं मेण १२ ग्रॅम. चमच्यानं मोजू नका. मेण थोडं इकडेतिकडे झालं तरी मलम घट्ट होतं किंवा पातळ राहतं. एक ग्रॅमपर्यंत वजन दाखवणारा छोटा डिजिटल काटा पुरतो.

मुठेल म्हणजे कोकमाच्या बियांचं तूप. घाटावरच्या वाचकांना कदाचित ते ‘कोकम बटर’ या नावानं पांढऱ्याशुभ्र तुकड्यांत माहीत असेल. कोकणात ते अजून जुन्या पद्धतीनं होतं. उन्हाळ्यात रातांब्यांची आमसुलं घालून झाली की उरलेल्या बिया कडकडीत वाळवतात, फोडून टरफलं पाखडतात, आतला गर कुटून पाण्यात उकळतात. तूप वर तरंगतं, गार झालं की काढून घ्यायचं आणि मुठीत दाबून वळायचं. बाजारात मिळणाऱ्या या गोळ्यांवर बोटांचे ठसे चक्क उमटलेले असतात. टाचांच्या भेगांवर आणि थंडीत उललेल्या ओठांवर हे पिढ्यान्‌पिढ्या लावलं जातंय. ते खोलीच्या तापमानाला कडक असतं, साधारण ४० अंशांच्या आसपास वितळतं आणि त्वचेवर चोळलं की हळूहळू पाघळतं. त्याला जवळपास वास नसतो. वनस्पती तुपासारखा वास आला किंवा बोटानं दाबताच खड्डा पडला तर घेऊ नका.

मेण मधमाशीचंच हवं. किराणा दुकानातली पांढरी मेणबत्ती पॅराफिनची असते. खऱ्या मेणाला मधाचा मंद वास येतो, रंग पिवळा ते तपकिरी असतो आणि तुकडा मोडला तर मोडलेली बाजू रवाळ दिसते. खादी ग्रामोद्योगच्या भांडारात विचारा, किंवा महाबळेश्वरकडे जाणं झालं तर तिथल्या मधपाळांकडून घ्या. त्याच तालुक्यातलं मांघर हे २०२२ मध्ये ‘मधाचं गाव’ म्हणून जाहीर झालं. ज्यांना मध किंवा प्रोपोलिसची (मधमाश्या पोळ्यात वापरतात त्या राळेसारख्या चिकट पदार्थाची) ॲलर्जी आहे त्यांनी हे मेण वापरू नये.

खोबरेल साधं, वरून सुगंध न घातलेलं घ्या. ‘केसांसाठी’ म्हणून विकलं जाणारं सुगंधी तेल नको. एरंडेल दाट आणि चिकट असल्यानं मलम चट्ट्यावर टिकून राहतं, ओघळत नाही. चिकटपणा अजिबात सहन होत नसेल तर एरंडेल निम्मं करून उरलेल्याच्या जागी सूर्यफुलाचं तेल घाला. मोहरीचं तेल मात्र नको, ते त्वचेला झोंबतं.

काय नाही आणि का नाही, तेही सांगते. कोरफडीचा गर नाही, कारण त्यात पाणी आहे. पाणी शिरलं की मलमावर बुरशी धरते आणि मग टिकवण्यासाठी रसायनं घालावी लागतात. तूप पाण्यानं शंभर वेळा धुऊन करतात ते शतधौत घृतही याच कारणानं लवकर संपवायचं असतं, साठवायचं नसतं. हळद नाही, कारण चादरी पिवळ्या होतात ते सोडा, पण काही जणांना तिची ॲलर्जी असते. फुलबाजारातला झेंडू तेलात मुरवू नका. परदेशी मलमांत असतो तो कॅलेंड्युला, झाड वेगळं, शिवाय हारातल्या झेंडूवर फवारणी किती झालीय कोण जाणे.

आदल्या दिवशी: मुठेल निवळणं

गावठी मुठेल असेल तर हे टाळू नका. त्यात बियांची चुरी आणि थोडं पाणी अडकलेलं असतं. रेडीमेड शुद्ध केलेलं असेल तर थेट पुढच्या पायरीवर जा.

पातेलीत मुठेल घ्या, ते बुडेल इतकं पाणी घाला आणि मंद आचेवर वितळू द्या. ढवळा, मलमलच्या कापडातून दुसऱ्या भांड्यात गाळा आणि झाकून रात्रभर हलवू नका. सकाळी वर तुपाची कडक चकती बसलेली असेल, खाली गढूळ पाणी. चकती उचलून उलटी करा. खालच्या बाजूला करड्या गाळाचा पातळ थर दिसेल, तो सुरीनं खरवडून टाका. चकती कोरड्या फडक्यानं पुसा, तुकडे करा आणि पुन्हा मंद आचेवर वितळवा. सुरुवातीला बारीक बुडबुडे येतील आणि तडतड ऐकू येईल, ते पाणी जात असतं. आवाज आणि बुडबुडे पूर्ण थांबले की मुठेल कोरडं झालं. वितळवताना थोडी घट होते, म्हणून सुरुवातीला २५ ते ३० ग्रॅम घ्या आणि २० ग्रॅमचं वजन या सगळ्यानंतर करा.

मलम करताना

डब्या काचेच्या किंवा ॲल्युमिनियमच्या, रुंद तोंडाच्या घ्या. गरम पाण्यानं धुऊन उन्हात कोरड्या करा. कडेला, झाकणाच्या आट्यात पाण्याचा थेंब राहतो, तिथे बोट फिरवून बघा.

मोठ्या पातेल्यात दोन बोटं पाणी उकळा, आच बारीक करा आणि आत स्टीलचं छोटं भांडं ठेवा. मेण थेट गॅसवर कधीच वितळवायचं नाही, तापून पेटू शकतं. आधी किसलेलं मेण, कारण ते सगळ्यात उशिरा, ६२ ते ६५ अंशांना वितळतं. ते पूर्ण पातळ झालं की मुठेल, मग एरंडेल, शेवटी खोबरेल. गार तेल पडताच मेणाच्या गुठळ्या होतील, घाबरू नका, दोन मिनिटांत विरघळतात. कोरड्या चमच्यानं सावकाश ढवळा. भांड्यावर झाकण ठेवू नका, वाफेचं पाणी आत टपकतं.

आता परीक्षा. एक बशी आधीच फ्रीजमध्ये ठेवलेली असू द्या. साखरेच्या पाकाची तार बघतो तसंच इथेही थेंबभर घेऊन बघायचं: बशीवर एक थेंब सोडा, दोन मिनिटं थांबा आणि बोटानं उचला. दाब न देता पसरलं पाहिजे. हे महत्त्वाचं आहे, कारण मलम घट्ट असेल तर लावताना चट्टा घासला जातो, आणि घासणंच तर टाळायचं आहे. घट्ट वाटलं तर चमचाभर खोबरेल वाढवा, फार मऊ वाटलं तर ग्रॅमभर मेण. मुंबईच्या मे महिन्यात मी मेण १५ ग्रॅमपर्यंत नेते आणि खोबरेल तेवढं कमी करते. नाशिक-पुण्याच्या थंडीत उलटं होतं: खोबरेल २४ अंशांखाली थिजतं, तेव्हा मेण ९ ग्रॅमवर आणायचं आणि निम्म्या खोबरेलाच्या जागी सूर्यफुलाचं तेल घ्यायचं.

ओतण्याआधी भांड्याचा तळ आणि बाहेरची बाजू पुसून घ्या. पाण्यातून उचललेल्या भांड्याचे थेंब डबीत पडतात आणि तेवढ्यानंही मलम खराब होऊ शकतं. ओतून झालं की डब्या दहा-पंधरा मिनिटं फ्रीजमध्ये ठेवा. हळूहळू गार झालं तर त्यात साबुदाण्यासारखे कण धरतात. झाकण पूर्ण गार झाल्यावरच लावा, आणि डबीवर तारीख लिहा. भांडं मोरीत धुऊ नका, मेण पाइपात गोठतं. गरम असतानाच जुन्या कागदानं पुसून कागद कचऱ्यात टाका, मग साबण.

चांगलं झालेलं मलम फिकट पिवळं, गुळगुळीत असतं आणि बोट फिरवलं की वरचा थर लोण्यासारखा निघतो. कोरडं राहिलं तर पाच-सहा महिने टिकतं. बोटं ओली असताना आत घालू नका, छोटा चमचा ठेवा. खवट वास आला की फेकून द्या, हळहळू नका.

लावण्याआधी आणि लावताना

पहिल्यांदा कोपराच्या आतल्या, चांगल्या त्वचेवर रुपयाएवढ्या जागी लावा आणि दोन-तीन दिवस तिथेच लावत राहा. लाली, पुरळ, खाज आली तर हे मलम तुमच्यासाठी नाही. काही झालं नाही तर एका चट्ट्यावर आठवडाभर, मग बाकी ठिकाणी.

या मलमात पाण्याचा अंशही नाही. ते ओलावा देत नाही, असलेला ओलावा कोंडून ठेवतं. म्हणून कोरड्याठाक त्वचेवर लावून फार उपयोग नाही. कोमट पाण्यानं अंघोळ करा, कढत नको. वज्री, घासणी आणि दिवाळीचं उटणं चट्ट्यांपासून लांब ठेवा. टॉवेलनं टिपा, पुसू नका, आणि अंग दमट असतानाच, दोन-तीन मिनिटांत मलम लावा. तर्जनीच्या शेवटच्या पेरावर बसेल तेवढं, म्हणजे अंदाजे अर्धा ग्रॅम मलम दोन तळहातांएवढ्या जागेला पुरतं. तळहातावर पातळ करून घ्या आणि केसांच्या दिशेनं, वरून खाली फिरवा. उलट चोळलं तर केसांची मुळं बुजून पुळ्या येतात. खवले मऊ झाले की नखानं उचकटायचा मोह होतो. तो आवरा, आपोआप सुटतील तेवढेच सुटू द्या. तळपायांना रात्री लावून वर सुती मोजे घातले की सकाळी फरक दिसतो.

डोक्यातल्या सोरायसिसला हे मलम नको, मेण केसांतून निघता निघत नाही. तिथे नुसतं खोबरेल रात्री लावून सकाळी धुणं बरं. काखेत, जांघेत, स्तनांखाली म्हणजे जिथे कातडीला कातडी लागते आणि घाम साचतो, तिथेही नको. चेहऱ्यासाठी आणि लहान मुलांसाठी डॉक्टरांना विचारा. पाणी सुटणाऱ्या, पू झालेल्या किंवा रक्त येणाऱ्या जागेवर अजिबात नाही.

औषधाचं क्रीम चालू असेल तर ते बंद करून हे सुरू करू नका. विशेषतः क्लोबेटासोलसारखं तीव्र स्टिरॉइड अचानक थांबवलं तर आजार उसळून येऊ शकतो. दोन्हींमध्ये अर्ध्या तासाचं अंतर ठेवा. ‘दोन्ही एकाच डबीत कालवून टाकू’ असंही काही जण करतात. त्यात औषधाची मात्रा बिघडते आणि किती लागलं याचा हिशोब राहत नाही. प्रकाशोपचार चालू असेल तर त्या दिवशी उपचाराआधी काय लावायचं हे तिथेच विचारा, जाड थरामुळे किरण अडू शकतात.

आणखी दोन गोष्टी, ज्या घरगुती कृतींमध्ये सहसा सांगितल्या जात नाहीत. पहिली घसरण्याची. तळव्यांना लावून फरशीवर चाललात तर पडाल, न्हाणीघरात तर नक्कीच. दुसरी आगीची. मलम मुरलेला कपडा साध्या कपड्यापेक्षा लवकर पेटतो आणि भराभर जळतो. ब्रिटनच्या औषध नियामक संस्थेनं २०१८ मध्ये सगळ्याच तेलकट मलमांबाबत हा इशारा दिला, पॅराफिन असो वा नसो. धुतल्यानंतरही कपड्यात थोडा अंश राहतो. म्हणून मलम लावून गॅसपाशी उभं राहताना, देवापुढे समई लावताना ओढणी-पदर सांभाळा, आणि विडी-सिगारेट ओढणाऱ्याच्या अंथरुणाची विशेष काळजी घ्या.

मलम बाजूला ठेवून डॉक्टरकडे कधी जायचं

सकाळी उठल्यावर बोटं, गुडघे किंवा कंबर आखडत असेल, सांधे सुजत असतील तर थांबू नका. सोरायसिस असलेल्यांपैकी काहींना त्याचाच संधिवात होतो आणि उशीर झाला तर सांध्यांचं नुकसान भरून येत नाही. सगळं अंग लालबुंद होणं, थंडी वाजून ताप येणं, एकाएकी पूने भरलेल्या बारीक पुळ्या उठणं, ही तर त्याच दिवशी रुग्णालय गाठायची लक्षणं. घसा दुखून गेल्यावर पंधरा-वीस दिवसांत अंगभर थेंबांसारखे चट्टे उठले तर घशाच्या संसर्गाबद्दल आवर्जून सांगा, दोन्हींचा संबंध असतो. रक्तदाबाची किंवा मानसिक आजाराची गोळी नवी सुरू झाली असेल आणि त्यानंतर चट्टे वाढले असतील तर तेही सांगा. गोळी मात्र स्वतःहून बंद करू नका.

मलम जमायला लागलं की ओळखीपाळखीतून मागणी येते. भेट म्हणून द्यायला हरकत नाही, पण डबीवर चारही वस्तूंची नावं आणि तारीख लिहून द्या, म्हणजे ज्याला मेण चालत नाही तो वेळीच सावध होईल. विकायचं असेल तर सौंदर्यप्रसाधनांच्या उत्पादनाचा परवाना लागतो. आणि डबीवर ‘सोरायसिस बरा होतो’ असं छापलं की ते प्रसाधन राहत नाही, औषधाचा दावा होतो, त्याचे नियम आणखी कडक आहेत.